परत बघायला कोण येतं?

"अगं, ऐकलंस का? टोंक रोडवरचे आपले बियाणंवाले भाईसाहेब शाळेत जायला लागलेत!"

भिंतीवर काकूंचं डोकं दिसलं की बातमी ताजी आहे असं समजायचं. जयपूरच्या दुर्गापुऱ्यातल्या आमच्या या गल्लीत मराठी घरं दोनच. मधली भिंत छातीएवढी, आणि तिच्यावर दोन्ही घरांचा हक्क सारखा. त्यांच्या बाजूला पापड वाळतात, माझ्या बाजूला कैरीच्या फोडी. काकूंचं माहेर इंदूरचं, त्यामुळे मराठीला तिकडचा झणका. काका राजस्थानच्या कृषी खात्यातून निवृत्त झालेले, आणि सून सीतापुऱ्याच्या एका कंपनीत कर्मचाऱ्यांचं ट्रेनिंग बघते.

"शाळेत? या वयात?"

"हौ ना! दर रविवारी. त्यांची बायको सांगून राहिली होती. सकाळी डबा घेतात, वही घेतात, निघतात. रात्री बसून पिकांचे रोग पाठ. म्हणते कशी, 'भाभीजी, लग्न ठरताना माझ्या वडिलांनी विचारलं, मुलाचं शिक्षण किती? तेव्हा हे म्हणाले होते, दुकान आहे. आता दुकान असून शिक्षण काढायला निघालेत.'"

आतून काकांचा आवाज आला. "हसू नका. देसीचा वर्ग आहे तो."

काका पेपरची घडी हातात घेऊनच बाहेर आले. ते बोलायला लागले की काकू पापड उलटायला घेतात. म्हणजे ऐकतात, पण ऐकत नाही असं दाखवतात. काकांनी सांगितलं ते असं. हैदराबादच्या 'मॅनेज' या कृषी विस्तार संस्थेनं 2003 मध्ये बी-बियाणं, खतं, औषधं विकणाऱ्या दुकानदारांसाठी एक पदविका सुरू केली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार देसी होतो, म्हणून सगळे तेच म्हणतात. अभ्यास 48 आठवड्यांचा. त्यात 40 दिवस वर्ग आणि 8 दिवस शेतावर. वर्ग रविवारी किंवा बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी, म्हणजे गल्ल्यावर बसायचं चुकत नाही. राजस्थानात या कामाची सूत्रं सियामकडे, म्हणजे इथल्या, दुर्गापुऱ्यातल्याच राज्य कृषी व्यवस्थापन संस्थेकडे. आपल्या महाराष्ट्रात तसं काम नागपूरची वनामती बघते.

"पण दुकानदाराला शिकवून काय करायचंय?" काकूंनी पापडाकडे बघतच विचारलं. "शिकवायचं तर शेतकऱ्याला शिकवा."

"शेतकरी आधी कोणाकडे जातो? माझ्याकडे की त्याच्याकडे?" काका म्हणाले. "कीड लागलेलं पान खिशात घालून तो दुकानात येतो. भाईसाहब, ये क्या लग गया? दुकानदार बोट दाखवेल ती बाटली तो घेऊन जातो. खात्याचा माणूस चार गावांत एक, दुकान मात्र प्रत्येक फाट्यावर. आता तर औषधं विकायच्या परवान्याला शिक्षणाची अटच आहे. जुन्या दुकानदारांनी काय करावं? दुकानं बंद करावीत?"

काकूंनी पुढची बातमी दिली. पहिल्या दिवशी भाईसाहेब मागच्या बाकावर तोंड पाडून बसले होते म्हणे. मग शिकवायला आलेल्यांनी मोहरीवरच्या मोयल्याबद्दल विचारलं. मोयला म्हणजे आपला मावा. तो कधी पडतो, कुठल्या हवेत वाढतो, शेतकरी सगळ्यात आधी काय मागायला येतो, हे भाईसाहेबांनी घडाघडा सांगितलं. दुसऱ्या रविवारी ते पहिल्या बाकावर.

"अगदी हेच!" सूनबाई चहाचा कप घेऊन बाहेर आली. तिला सुट्टी होती. "मोठ्या माणसाला शिकवताना त्याला आधी काय येतं ते विचारावं लागतं. माल्कम नोल्स म्हणून एक अमेरिकन होते, त्यांनी 1973 मध्ये यावर पुस्तकच लिहिलं. मोठी माणसं कधी तरी उपयोगी पडेल म्हणून शिकत नाहीत. आजच्या अडचणीपुरतं शिकतात, आणि आपल्या अनुभवाला कोणी किंमत देत नसेल तर कान बंद करतात."

"एवढं कळतं तर मग तुमच्या कंपनीत तसं का होईना?" काकूंनी सुनेची विकेट काढली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हिनं गेल्या महिन्यात हॉटेलात दोन दिवसांचं शिबिर घेतलं. एसी हॉल, पनीर, गुलाबजाम, ग्रुप फोटो. सगळ्यांनी फॉर्मवर पाचपैकी पाच दिले. आणि आता साहेब विचारून राहिले, मशीनवरचा खराब माल का कमी होईना?"

सूनबाईनं सासूकडे बघितलं, मग हसली. "आई, यालाच कर्कपॅट्रिकच्या चार पायऱ्या म्हणतात."

"कोण बाई हा?"

डोनाल्ड कर्कपॅट्रिक हे विस्कॉन्सिनचे प्राध्यापक. त्यांनी 1959 मध्ये लेखमाला लिहून सांगितलं की प्रशिक्षण चाललं की नाही हे चार पायऱ्यांवर तपासा. लोकांना आवडलं का, ही पहिली. काही शिकले का, ही दुसरी. कामावर परत गेल्यावर वागणं बदललं का, ही तिसरी. आणि त्यातून संस्थेचं काही भलं झालं का, ही चौथी. सूनबाई म्हणाली, "पहिली पायरी सगळे मोजतात, कारण फॉर्म तिथल्या तिथे भरून मिळतो. दुसरीला एक चाचणी घेतली की झालं. तिसरीसाठी महिन्यानं कारखान्यात जाऊन माणसाच्या शेजारी उभं राहावं लागतं. तिथपर्यंत जायला ना कोणाला वेळ असतो, ना बजेट."

"म्हणजे गुलाबजामाला मार्क मिळाले," काकूंनी निकाल लावला.

मीही आमच्या घरची बातमी पुरवली. ह्यांच्या ऑफिसात अमुक इतके ऑनलाइन धडे अमुक तारखेच्या आत पुरे करायचे असा आदेश निघाला. मग काय, एका खिडकीत धडा चालू, आवाज बंद, दुसऱ्या खिडकीत क्रिकेटचा स्कोअर. मधूनच पडदा विचारतो, आपण आहात का? हे बटण दाबतात, आहे. शेवटी प्रमाणपत्र छापून आलं. कशाचं, ते विचारलं तर ह्यांनी प्रमाणपत्र वाचून सांगितलं.

"आणि मध्यंतरी एक पाहुणे आले होते व्याख्यानाला," मी म्हटलं. "त्यांनी पिरॅमिड दाखवला. वाचलेलं दहा टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं वीस, बघितलेलं तीस, आणि स्वतः केलेलं नव्वद. हे फार भारावून आले."

"तो पिरॅमिड अजून फिरतोय?" सूनबाईनं कपाळाला हात लावला. "एडगर डेल या शिक्षणतज्ज्ञानं 1946 मध्ये अनुभवांचा एक शंकू काढला होता, त्यावरून तो निघाला. पण डेलच्या चित्रात एकही टक्का नव्हता. आकडे मागून कोणीतरी चिकटवले. इतके गोल आकडे कुठल्या प्रयोगातून येतात, हे कोणी विचारलंच नाही."

"आणि तुझं ते सत्तर-वीस-दहा?" काका सुनेला चिडवायची संधी सोडत नाहीत.

"ते पण गोलच आहे बाबा, कबूल. अमेरिकेत मोठ्या हुद्द्यावरच्या लोकांना विचारलं, तुम्ही कामाचं कुठे शिकलात? त्यांच्या आठवणींवरून अंदाज बांधला की सत्तर भाग अवघड कामं अंगावर पडून, वीस भाग दुसऱ्या माणसांकडून, दहा भाग वर्गात. तो नियम नाही, आठवणींचा हिशेब आहे. पण साहेब लोकांनी त्याचा अर्थ काय काढला सांगू? वर्गाचा खर्च कापा, बाकीचं माणूस आपोआप शिकेल!"

या 'आपोआप'वर काका खुर्चीत पुढे सरकले.

"आपोआप काही होत नाही. 1974 साली चंबळच्या कालव्याखालच्या भागात, आमच्या कोट्याकडे, प्रशिक्षण आणि भेट योजना आली. जागतिक बँकेचा पैसा, आणि कल्पना डॅनियल बेनॉर नावाच्या इस्रायली तज्ज्ञाची. मी तेव्हा नवाच लागलो होतो. त्याआधी गावपातळीवरच्या माणसाला सगळीच कामं असायची. कर्जाचे कागद, कुटुंबनियोजन, पाहुण्यांची सरबराई, आणि वेळ उरला तर शेती. बेनॉरनं सांगितलं, याला फक्त शेतीचं काम द्या. हद्दीतल्या शेतकऱ्यांचे आठ गट पाडा. पंधरवड्यात प्रत्येक गटासाठी एक दिवस ठरवून द्या, आणि तो दिवस चुकवू नका."

"आणि प्रशिक्षण?" मी विचारलं.

"तेही पंधरवड्यालाच. एक दिवस आम्हाला बसवायचे आणि पुढच्या पंधरा दिवसांत शेतात जे करायचं तेवढंच शिकवायचे. गव्हाच्या पेरणीनंतर साधारण 21 दिवसांनी मुकुटमुळं फुटतात, तेव्हाचं पाणी चुकलं तर उत्पन्नाला फटका बसतो. हे आम्हाला पेरणीच्या वेळी सांगायचे, उन्हाळ्यात नाही. आज शिकलो, उद्या शेतात सांगितलं, पंधरा दिवसांनी जाऊन बघितलं, आणि काय चुकलं ते पुढच्या वर्गात विचारलं."

सूनबाईनं कप भिंतीवर ठेवला. "म्हणजे विसरायला सवडच नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसानं 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग केले होते. निरर्थक अक्षरं पाठ करायची आणि किती टिकतात ते बघायचं. एका दिवसात दोन तृतीयांश गेलेलं असायचं. कामाच्या गोष्टी इतक्या झटपट जात नाहीत, पण हात लावला नाही तर जातात. म्हणून थोडं शिकवायचं आणि मधे काम करू द्यायचं. भाईसाहेबांचे रविवार तसेच तर आहेत."

"मग ती योजना बंद का पडली?" काकूंनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

काका काही गोष्टी लपवत नाहीत. "खर्च फार होता. बँकेचा पैसा आटला आणि नव्वदीच्या दशकात ती थकली. आणि निरोप वरून यायचा. कालव्याखाली तो चालला, कोरडवाहू शेतकऱ्याच्या कामाचा नसायचा. काही 'संपर्क शेतकरी' निवडायचे, ते शिकले की बाकी गावाला सांगतील, असं कागदावर होतं. गावात ज्याचं ज्याच्याशी पटत नाही तो त्याला कशाला सांगेल? हे सगळं खरं. पण मला एक समजलं. पहिल्या भेटीत शेतकरी तुमचं ऐकतच नाही. तो एवढंच बघतो, की हा पुढच्या पंधरवड्यात परत येतो का. आलात, तर तिसऱ्या भेटीला तो प्रश्न विचारतो. तिथून पुढे शिकणं."

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग सूनबाई म्हणाली, "अमेरिकेनं दुसऱ्या महायुद्धात हेच केलं, बाबा. कारागीर लढाईवर गेले आणि कारखान्यात नवखी माणसं, बायका भरती झाल्या. त्यांना पटापट तयार करायचं होतं. मग मुकादमांना शिकवायचं कसं हे चार पावलांत शिकवलं. आधी माणसाला बिनधास्त करा आणि त्याला काय येतं ते विचारा. मग काम करून दाखवा. मग त्याच्याकडून करून घ्या. आणि चौथं, त्याला एकट्याला सोडा, पण परत परत जाऊन बघा. लढाईनंतर ही पद्धत जपानला गेली आणि टोयोटानं ती धरून ठेवली. आमच्याकडे पहिली तीन पावलं होतात. चौथं गळतं."

"तुझ्या ट्रेनी पोरांचं सांग की हिला," काकू म्हणाल्या. दुसऱ्याच्या घरातली भानगड त्या अशीच चालू करून देतात.

सूनबाईच्या कंपनीत अ‍ॅप्रेंटिस घेतात. घ्यावेच लागतात. 1961 च्या कायद्यानुसार 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अ‍ॅप्रेंटिस घ्यायचे असतात. तर त्यातल्या एका पोराला आठवडेच्या आठवडे पॅकिंगला बसवलं होतं. मशीन हॉलच्या दुसऱ्या टोकाला. त्याला मशीन कसं लावतात ते दिसतही नव्हतं.

"असंच उदाहरण पुस्तकात आहे," ती म्हणाली. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी 1991 मध्ये कामावर शिकणाऱ्यांवर पुस्तक लिहिलं. त्यात अमेरिकेतल्या सुपरमार्केटात मटण कापायला शिकणारी पोरं आहेत. त्यांना पाकिटं बांधायच्या मशीनवर बसवलं, आणि जुने कसबी लोक मांस कापत ती जागा त्यांना तिथून दिसत नव्हती. वर्षं गेली तरी पाकिटंच. त्याच पुस्तकात लायबेरियातले शिंपी आहेत. त्यांच्याकडचं पोर आधी काजं, बटणं, दुमड घालायला शिकतं, कापड बेतायला सगळ्यात शेवटी. म्हणजे कपडा जिथे संपतो तिथून शिकणं सुरू होतं. बटण चुकलं तर उसवता येतं, कापड चुकलं तर गेलं. आणि हे सगळं करताना बेतणारा उस्ताद दिवसभर डोळ्यांसमोर.

"मग आमच्यात काय होतं?" काकू म्हणाल्या. "नव्या नवरीला पहिल्या दिवशी पुरणाला कोण हात लावू देतं? आधी कोथिंबीर निवड, मग कणीक मळ. पण बसायचं ओट्यापाशीच, सासू काय करते ते बघत."

"मला तर तुम्ही ओट्यापाशीही येऊ दिलं नव्हतं," सूनबाई म्हणाली.

"तुला येत होतं म्हणून!" काकूंनी तात्काळ परतवलं. हा वाद त्या घरात जुना आहे, मी मधे पडले नाही.

मला माझे मामा आठवले. 1966 च्या सुमारास टेल्कोनं पुण्यात पाय रोवले. सुमंत मुळगावकरांचा आग्रह असा, की गाड्या नंतर, आधी माणसं घडवू. मामा तिथे अ‍ॅप्रेंटिस होते. लोखंडाचा ठोकळा कानशीनं घासून घासून चौरस करायचा, आणि इन्स्ट्रक्टर रोज येऊन गुण्या लावून फटीतून उजेड बघायचा. उजेड दिसला की पुन्हा घास. मामा म्हातारपणी दाराची चौकटसुद्धा तशीच बघायचे.

"तेच तर," काका म्हणाले. "आपल्या मालवीय नगरातला जयपूर फूट, तो कृत्रिम पाय घ्या. सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद सेठी हाडांचे डॉक्टर, आणि रामचंद्र शर्मा हस्तकलेचे उस्ताद. सगळे त्यांना मास्टरजी म्हणायचे. शाळा फारशी झालेली नाही, पण बोटांत कसब. 1968 च्या आसपास रबराचा पाय घडला तो या दोघांच्या जोडीनं. ट्रकचे टायर रिट्रेड करणाऱ्या दुकानातल्या कामावरून मास्टरजींना रबराची युक्ती सुचली, असं सांगतात. सुरुवातीचे पाय जड झाले, नीट वाकेनात. मग आत स्पंज रबर घातलं. हे कसं कळलं? पाय लावलेला माणूस परत आला, चालून दाखवलं आणि सांगितलं की इथे टोचतं. उकिडवं बसता येईना, शेतात चिखलात जाता येईना, ही तक्रार डॉक्टरच्या पुस्तकात नव्हती, पेशंटच्या पायात होती."

1975 मध्ये डी. आर. मेहतांनी भगवान महावीर विकलांग साहाय्यता समिती काढली आणि तो पाय देशोदेशी गेला. सेठींना 1981 मध्ये मॅगसेसे मिळालं. सुधा चंद्रन याच पायावर नाचली, ते आपण सगळ्यांनी 'नाचे मयूरी'मध्ये बघितलंच. मास्टरजींचं नाव मात्र जयपूरबाहेर कमीच ऐकू येतं. सूनबाई म्हणाली की आता बिनशाळेच्या कारागिराला, कसब तपासून, नव्यानं न शिकवता प्रमाणपत्र द्यायची सोय सरकारी योजनेत आहे. सांगानेरच्या एखाद्या छीप्याला ठशांची छपाई वर्गात शिकवायची गरज नसते, त्याला फक्त बँकेपुढे ठेवायला कागद हवा असतो.

काकूंनी पापड गोळा करायला घेतले. मला वाटलं सभा संपली. पण त्यांनी आवाज खाली आणला.

"हिच्याकडे दरवर्षी ते बायकांच्या छळाविरुद्धचं ट्रेनिंग होतं ना, सगळ्यांनी सही करायची, ते भटेरीमुळे आलं, माहितेय?"

मला अंधुक माहीत होतं. काकांनी सांगितलं. राजस्थान सरकारनं 1984 मध्ये महिला विकास कार्यक्रम सुरू केला. गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन 'साथिन' नेमलं. जयपूरजवळच्या बस्सी भागातल्या भटेरीच्या भंवरीदेवी त्यांतल्या एक. बालविवाह थांबवा, असं शिकवून त्यांना पाठवलं होतं. त्यांनी थांबवायचा प्रयत्न केला, आणि 1992 मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. 'विशाखा' आणि इतर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 1997 मध्ये कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली, आणि 2013 मध्ये कायदा. त्यात मालकानं ठरावीक काळानं कार्यशाळा आणि जागृतीचे कार्यक्रम घ्यावेत, असं स्पष्ट लिहिलंय.

"बाईला शिकवलं, काम दिलं, गावात पाठवलं," काकू म्हणाल्या. "आणि काम करताना तिच्या पाठीशी कोण उभं होतं? आता तुम्ही स्लाइड दाखवता अन् सह्या घेता. कोणी जाऊन विचारतं का पोरींना, की बाई, बरं चाललंय ना?"

सूनबाईकडे लगेच उत्तर नव्हतं. जरा वेळानं म्हणाली, "तक्रार समिती बनवायची, ती कोणत्या खोलीत बसते ते प्रत्येकीला माहीत करून द्यायचं, इथपर्यंत मी करते. पुढे जाऊन विचारायचं राहून जातं."

"मग ते कर की. फॉर्म कमी कर."

त्या दिवशी एवढ्यावर आम्ही आपापल्या स्वयंपाकाला लागलो. काकूंना मात्र एखादी गोष्ट अर्धवट सोडवत नाही. रोज संध्याकाळी सून घरी आली की विचारायच्या, सांगितलंस का साहेबांना? शेवटी काल भिंतीवरून निकाल कळला. सूनबाईनं प्रस्ताव दिला. हॉटेलचा एक दिवस कमी करायचा आणि वाचलेल्या पैशात महिन्यानं प्रत्येक शिकाऊ माणसाच्या मशीनपाशी जाऊन अर्धा तास थांबायचं. पॅकिंगमधल्या पोराला मशीन दिसेल अशा जागी हलवायचं.

"मग? मानलं का साहेबांनी?"

"मानलं ना! पोराला तर लगेच हलवलं," काकू म्हणाल्या. "भेटींनाही हो म्हणाले. फक्त एक अट घातली. प्रत्येक भेटीच्या शेवटी फीडबॅक फॉर्म भरून घ्यायचा. तिथल्या तिथे."